मृग लागायच्या आत

कोल्हापुरात ७-८ जूनच्या सुमाराला मृग लागतो आणि तिथून पुढचे चार महिने घरात ओल मुक्कामाला येते. मिठाला पाणी सुटतं, गूळ पाझरतो, पोहे वातड होतात, तांदळाला जाळी धरते. दर महिन्याचा किराणा कितीही घासाघीस करून भरला, तरी श्रावणात चटणीची बरणी बुरशीनं गेली किंवा दहा किलो गव्हात टोके, म्हणजे धान्यातले किडे, झाले की वाचवलेलं सगळं तिथंच जातं. म्हणून घरखर्चाचा विचार करताना मी भावाच्या आधी ओलीकडं बघते. खरं काम एप्रिल-मे महिन्यात असतं. ते नीट झालं तर दिवाळीपर्यंत घरातला एक दाणाही टाकावा लागत नाही.

सगळ्यात मोठी जोखीम चटणीची. आपल्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसूण चटणीच. आमटीपासून तांबड्या रश्श्यापर्यंत तीच पडते. चार-पाच माणसांच्या घरात रोज दोन शिगोशीग चमचे, म्हणजे साधारण १२ ग्रॅम लागते. वर्षाची झाली साडेचार किलोच्या आसपास. एक किलो मिरचीला सगळा माल घालून सव्वादोन ते अडीच किलो चटणी उतरते. म्हणजे २ किलो मिरची पुरे, आणि पाहुण्यांचा राबता असेल तर अडीच. ‘असू दे जास्तीची’ म्हणून चार किलो घेतली तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत रंग उतरतो, वास जातो आणि नवी चटणी आली की जुनीला कुणी हात लावत नाही.

मिरची घ्यायची ती रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी, निम्मी-निम्मी. घरात लहान मुलं जेवायला असतील तर दीड किलो ब्याडगी आणि अर्धा किलो संकेश्वरी हे प्रमाण चांगलं बसतं. घेताना मूठभर मिरची हातात दाबून बघा. कडकन मोडली आणि आत बी खुळखुळलं तर ती वाळलेली. नुसतीच वाकली तर तिच्यात पाणी आहे आणि त्या पाण्याचे पैसे तुम्ही मिरचीच्या भावानं देताय. दोन-चार मिरच्या मोडून आतही बघा. बाहेरून लालभडक दिसणाऱ्या मिरचीच्या पोटात करडी बुरशी असू शकते आणि अशी एक मिरची सगळ्या चटणीला वास लावते.

देठ खुडून मिरची दोन-तीन दिवस गच्चीवर वाळवायची, पण वर पातळ सुती कापड टाकून. थेट उन्हात रंग उडतो. आणि वळवाचा भरवसा धरायचा नाही. सकाळी कितीही रखरखीत ऊन असलं तरी तीनच्या आत मिरची खाली आणा. एकदा भिजलेली मिरची परत वाळते, पण तिचा मूळ रंग-वास परत येत नाही.

एक किलो मिरचीला सुकं खोबरं, धणे आणि लसूण प्रत्येकी पाव किलो, कांदा अर्धा किलो, तीळ आणि आलं प्रत्येकी १०० ग्रॅम, जिरं ५० ग्रॅम, खसखस ५० ग्रॅम, खडा मीठ ३०० ग्रॅम आणि तेल पाव लिटर. लवंग, दालचिनी, मिरी, मसाला वेलची, बाद्यान (चक्रीफूल), दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, जायपत्री प्रत्येकी १० ग्रॅम, हळकुंड २० आणि हिंगाचा खडा १० ग्रॅम. खसखस महाग आहे. ती वगळून तीळ २५ ग्रॅम वाढवले तरी चालतं, रोजच्या आमटीत फरक कळतही नाही. खोबऱ्यात मात्र काटकसर नको. वाटी फोडून वास घ्या आणि एक तुकडा चावून बघा. जरा जरी खवट लागला तर ते खोबरं घेऊ नका, कारण त्याचा खवटपणा दोन महिन्यांत चटणीभर होतो.

चटणी बिघडते ती बहुतेक वेळा कांद्यामुळं. अर्धा किलो कांद्यात वजनाच्या मानानं पाणीच जास्त असतं. तो पातळ उभा चिरून एक-दोन दिवस उन्हात सुकवायचा आणि मग तेलात मंद आचेवर तळायचा. घाईनं मोठ्या आचेवर तळला तर कडा करपतात आणि मधे ओला राहतो, आणि तोच ओलावा पुढं बुरशीला पोसतो. तळलेला कांदा गार झाल्यावर बोटांत चुरला पाहिजे. वाकला तर परत कढईत. लसूण आणि आल्याचंही तसंच. डंकावर, म्हणजे चटणी कुटायच्या यंत्रावर, कच्चा लसूण घालायची पद्धत अनेक घरांत आहे आणि चवीला ती चटणी जास्त झणझणीत लागते हे खरं. पण ती दोन-तीन महिन्यांत संपवायची. वर्षाची करायची असेल तर लसणाच्या पाकळ्या ठेचून कोरड्या होईपर्यंत तेलात परतून घ्या, आल्याच्या चकत्या वाळवून तळा आणि कोथिंबीर घालायचीच असेल तर सावलीत कुरकुरीत वाळवलेली घाला.

भाजताना प्रत्येक जिन्नस वेगळा. धणे, जिरं, तीळ यांना एकाच कढईत एकदम टाकलं तर तीळ करपेपर्यंत धणे कच्चेच राहतात. मीठसुद्धा कढईत गरम करून कोरडं करून घ्यायचं. ही पायरी बऱ्याच जणी गाळतात, आणि नेमकं मीठच हवेतलं पाणी ओढतं.

डंकावर माल नेताना सगळा एकत्र कालवून नेऊ नका. आधी मिरची आणि मीठ कुटून चाळून घ्यायचं, मग कोरडा मसाला, मग तीळ-खोबरं, शेवटी कांदा-लसूण, आणि मग सगळं मिसळून एक फेरा. तेलकट माल आधी पडला तर मिरचीचं बी त्याला चिकटतं, चाळण बुजते आणि चटणी जाडीभरडी राहते. चटणी होईपर्यंत तिथं थांबा. आधीच्या गिऱ्हाइकाचा माल उखळात राहिला असेल तर तो झाडून घ्यायला सांगा, त्यात संकोच नको. घरून निघताना सगळ्या मालाचं वजन करा आणि आल्यावर चटणीचं करा. थोडी तूट धुरळ्यात जाते, पण फार तफावत आली तर पुढच्या वर्षी डंक बदला. दहा किलोपर्यंतचा साधा वजनकाटा घरात असणं मला कुकरइतकंच गरजेचं वाटतं.

कुटून आणलेली चटणी गरम असते. ती तशीच बरणीत भरली तर झाकणाला आतून घाम सुटतो, तो थेंबाथेंबानं वर पडतो आणि पंधरा दिवसांत पांढरी लव दिसते. परातीत पसरून, वर सुती कापड टाकून रात्रभर गार होऊ द्या.

आता बरणी. चिनी मातीची बरणी एकदा घेतली की पिढीभर टिकते, फक्त घेताना पारखून घ्यायला हवी. बोटाच्या पेरानं वाजवा. खणखणीत आवाज आला पाहिजे, बद्द आला तर कुठंतरी चीर आहे. आतल्या झिलईवर केसासारख्या रेघा दिसल्या तर घेऊ नका, त्या रेघांत तेल मुरतं आणि खवट होतं. बरणी भरायच्या आधी गरम पाण्यानं धुऊन दोन दिवस उन्हात पालथी. मग निखाऱ्यावर हिंगाची चिमूट टाकून त्या धुरावर बरणी पालथी धरायची. चटणी मुठीनं दाबून-दाबून भरा, मधे हवेची पोकळी राहू देऊ नका. वर हिंगाचे दोन-तीन खडे, त्यावर मिठाचा पातळ थर, मग झाकण आणि त्यावर दादरा, म्हणजे तोंडाला बांधायचं कापड. साडेचार किलोची एकच बरणी रोज उघडण्यात अर्थ नाही, प्रत्येक वेळी पावसाळी हवा आत जाते. मोठी बरणी महिन्यातून एकदा, उघडीप बघून उघडायची आणि महिन्याची चटणी स्टीलच्या छोट्या डब्यात काढून घ्यायची. डब्यातला चमचा कोरडाच हवा. तो रश्श्यात बुडवून परत डब्यात गेला की डबा बिघडलाच समजा.

वर पांढरं दिसलं तर घाबरायच्या आधी तपासा. मिठाचे स्फटिक कणीदार असतात, पाण्यात लगेच विरघळतात आणि त्यांना वास नसतो. बुरशी कापसासारखी असते आणि कुबट वास मारते. मीठ असेल तर काही बिघडलं नाही. बुरशी असेल तर वरची काढून खालची वापरायचा मोह टाळा. मिरचीवरच्या काही बुरशींचं विष खालपर्यंत उतरलेलं असू शकतं आणि ते शिजवून जात नाही. मन दुखतं, पण टाकायची. गुठळ्या होऊ लागल्यात आणि वास चांगला आहे, एवढंच असेल तर उन्हाच्या दिवशी परातीत तासभर पसरा, गार करा, परत भरा.

धान्याचंही शास्त्र हेच. जोंधळा (ज्वारी), गहू उन्हात दोन दिवस द्यायचे, दाणा दाताखाली कट्टकन फुटला पाहिजे. पण गच्चीवरून खाली आणून गरमगरम डब्यात ओतायचं नाही. एक रात्र घरात गार होऊ द्या. डब्यात वाळलेला कडुलिंबाचा पाला थरांमधे घाला. ओला पाला घातला तर तोच बुरशी आणतो. तूरडाळ आणि कडधान्यांना किलोमागं एक लहान चमचा एरंडेल तेल हातानं चोळून घ्या. शिजवायच्या आधी कोमट पाण्यात धुतलं की निघून जातं. धान्यात घालायच्या ॲल्युमिनिअम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात आणूच नका. त्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू निघतो आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसांच्या जिवावर बेततं. दोन किलो डाळ वाचवायला हा धोका कुणी घेऊ नये.

डबे पत्र्याचे असोत वा स्टीलचे, थेट फरशीवर नकोत. खाली पाट किंवा विटांवर फळी, आणि भिंतीपासून वीतभर लांब, कारण पावसाळ्यात फरशी आणि भिंत दोन्हींना घाम येतो. रवा भाजून ठेवा, पोहे-चुरमुरे छोट्या घट्ट डब्यांत. शेंगदाणे पंधरा दिवस पुरतील इतकेच आणा, काळपट-हिरवट झालेले दाणे निवडून टाका, चटणीत घालू नका.

पीठ आठवड्याचंच दळा. जोंधळ्याचं पीठ ओल खाऊन शिळं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना कडांना फाटते. फेकायची गरज नाही. तेवढंच पाणी उकळून पिठावर ओता, झाकून दहा मिनिटं ठेवा आणि मग मळा. भाकरी धरते. तवा आणि कढई लोखंडाची असेल तर धुतल्यावर मिनिटभर गॅसवर तापवून तेलाचं बोट फिरवा, नाहीतर जुलैत रोज गंज घासत बसावं लागतं.

गूळ हा आपला घरचाच. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. गुऱ्हाळं थंडीत चालतात, तेव्हा मार्चपर्यंत घेतलेला गूळ ताजा आणि कोरडा असतो. बाजारातला ३० किलोचा रवा, म्हणजे गुळाची अख्खी ढेप, एका घराला जास्त होतो, तीन-चार जणींनी मिळून घेऊन वाटून घेतला तर परवडतो. पांढुरक्या पिवळ्या रंगाला भुलू नका, तो रंग बऱ्याचदा रसायनानं काढलेला असतो. थोडा तांबूस, नखानं सहज न खरवडणारा गूळ टिकतो. एकेक किलोचे खडे कोऱ्या कागदात गुंडाळून घट्ट डब्यात ठेवा आणि एका वेळी एकच खडा फोडा. फोडलेल्या गुळाला हवा जास्त लागते, तो आधी पाझरतो. पाझरलाच तर टाकू नका, थोडं पाणी घालून उकळा, गाळून काकवीसारखा बाटलीत ठेवा आणि आठवडाभरात आमटीत, पोळीबरोबर संपवा.

पंचगंगेचं पाणी ज्यांच्या गल्लीत येतं, त्यांनी आणखी एक काळजी घ्यायची. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर हे कुणाला समजावून सांगायला नको. पन्नास किलोची कोठी भरलेली असताना कुणाला उचलता येत नाही. धान्य पाच-पाच किलोच्या डब्यांत विभागून ठेवा, म्हणजे घरातली आई आणि शाळकरी पोरसुद्धा ते माळ्यावर चढवू शकतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी ३९ कडं सरकायला लागलं की आधी चटणीची बरणी वर, मग डाळ-तांदूळ, मग पीठ. बरणी टोपलीत, भोवती जुन्या साड्या कोंबून न्यावी. घाईत जिन्यावर आपटून फुटते ती तीच. भरलेला गॅस सिलिंडर पाण्यात तरंगू शकतो, म्हणून घर सोडताना रेग्युलेटर काढा, टोपी लावा आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला दोरीनं बांधून ठेवा.