चौदा दिवसांचं दारूचं कॅलेंडर भरताना: माझा अनुभव

दारू कमी करायला लावणारी एखादी समुपदेशनाची पद्धत चालते की नाही, हे शेवटी एका कागदी कॅलेंडरवर ठरतं: गेल्या १४ दिवसांत कुठल्या दिवशी किती घेतली. गोव्यात १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर झालेली चाचणी २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती आणि सत्रं जास्तीत जास्त चार. तीन महिन्यांनी आधीच्या १४ दिवसांत थेंबही न घेतलेले समुपदेशनाच्या गटात ४२ टक्के निघाले, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्या दुसऱ्या गटात १८ टक्के. मात्र जे पीतच राहिले, त्यांचं रोजचं सरासरी प्रमाण दोन्ही गटांत फारसं वेगळं नव्हतं. असा बारीक फरक पकडायचा तर कागद नीट भरलेला हवा. अशाच कामात मी हा कागद भरून घेते, त्याची रीत सांगते.

आधी जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ प्रश्नावली, माणसाचं पिणं किती धोक्याचं आहे ते जोखणारी. दहा प्रश्न, ० ते ४० गुण. त्या चाचणीत १२ ते १९ गुणांचे पुरुष घेतले होते. २० किंवा त्याहून जास्त गुण आले, किंवा सकाळी हात थरथरतात असं माणूस म्हणाला, तर कॅलेंडर बाजूला ठेवून त्याला डॉक्टरांकडे न्यायचं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रमही होतो, आणि त्यात जीव जाऊ शकतो. ‘आजपासून सोडा’ हा सल्ला त्याला कुणीही घाईने देऊ नये.

कॅलेंडरच्या वेळी बायको, भाऊ, शेजारी सगळ्यांना बाहेर बसवायचं. माणूस पिऊन आला असेल तर दुसऱ्या दिवशी बोलवायचं. मग कालपासून मागे जायचं, पण थेट ‘सोमवारी किती?’ असं विचारायचं नाही. आधी खुणा घालायच्या: पगार, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, जत्रा, लग्न, आजारपण, उपवासाचा वार. नंतर न प्यायलेले दिवस, मग सर्वांत जास्त घेतलेला दिवस, आणि उरलेले शेवटी. न प्यायलेल्या दिवशी शून्य लिहायचंच. रिकामा चौकोन म्हणजे शून्य नव्हे, तो न विचारलेला प्रश्न असतो. नवीन माणसाकडून सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

खरी कसरत मापाची. हिशोब असा: मिलिलिटर गुणिले दारूचे टक्के, भागिले शंभर, गुणिले ०.७९, म्हणजे शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम. १० ग्रॅम म्हणजे एक माप. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ३० मिलिलिटरचा पेग साधारण एक माप भरतो, म्हणून १८० मिलिलिटरची क्वार्टर सहा मापांची. आठ टक्क्यांच्या बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली चार मापांच्या वर जाते, आणि बरेच जण बिअर दारूत धरतच नाहीत. ‘बिअर, उर्राक, फेणी?’ असं एकेक नाव घेऊन विचारावं लागतं. उर्राक म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या गाळपाची दारू. मार्च ते मेमध्ये उर्राकाचा घोळ ठरलेला. उर्राक साधारण १५ टक्क्यांचा, फेणी ४२.८ च्या आसपास. दोन्हीचं उत्तर ‘एक ग्लास’, पण फेणीत अल्कोहोल जवळपास तिप्पट. घरच्या भट्टीच्या मालाला लेबल नसतं, तेव्हा अंदाज आहे असं कागदावर लिहायचं. ग्लास केवढा, हे बोलून कळत नाही. ग्लासात पाणी ओतायला सांगायचं आणि मापाच्या नळीत मोजायचं. तिघांत एक बाटली असेल तर स्वतःचा वाटा किती, हेही ओतूनच दाखवू द्यायचं.

श्रावण आणि चतुर्थीचे दिवस वेगळे. या काळात बरेच जण आपणहून बंद ठेवतात. गट चिठ्ठीने पाडलेले असल्याने तुलना बिघडत नाही, पण एकट्या माणसाचा आधीचा आणि नंतरचा आकडा लावून ‘सुधारला’ म्हणणं चूक. म्हणून मी सणाची नोंद समासात करतेच. मापंही सगळीकडे सारखी हवीत. अमेरिकेत १९९९ साली व्यसनोपचाराच्या चाचण्या घेणारं क्लिनिकल ट्रायल्स नेटवर्क सुरू झालं. तशी एकच चाचणी अनेक केंद्रांत चालवायची तर प्रश्न आणि मापं सगळीकडे तीच ठेवावी लागतात. इथे दोन केंद्रांतसुद्धा ‘पेग’ कुठे ३० चा, कुठे ६० चा निघतो.

तीन महिन्यांनंतरचं कॅलेंडर समुपदेशकाने भरायचं नाही. ज्याला गट माहीत नाही त्यानेच भरायचं, नाहीतर माणूस शिकवणाऱ्याला बरं वाटेल असं बोलतो. सुरुवातीलाच सांगते: ‘तुम्ही कुणाकडे जात होता ते मला सांगू नका.’ तरी ‘त्या ताईंनी सांगितल्यापासून बंद आहे’ असं निघून जातं. तेव्हा मुलाखत तिथेच थांबवायची, गट कळला अशी वेळेसह नोंद करायची आणि उरलेलं कॅलेंडर दुसऱ्या सहकाऱ्याकडे द्यायचं.