भर दुपारी फ्लॅश

आज मेणवलीच्या घाटावर आत्याचे फोटो काढले. दुपारचे दोन, म्हणजे फोटोग्राफरने खरं तर वामकुक्षी घ्यायची वेळ. पहिल्या फोटोत कपाळ आणि नाक चकाकतंय, डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. आत्या स्क्रीन बघून म्हणाली, "ही काय मी? चार दिवस तापात पडल्यासारखी!"

मग तिला उन्हाकडे पाठ करून बसवलं. आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदना) 100, शटर (उघडं राहण्याचा वेळ) 1/200 सेकंद, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ 11. आधी मागची कृष्णा आणि दगडी पायऱ्या यांचा उजेड नीट बसवला, मग सावलीत गेलेला चेहरा उजळायला फ्लॅश चढवला. (फ्लॅश असताना शटर याहून वेगवान केलं की माझ्या कॅमेऱ्यात फोटोवर काळा पट्टा येतो, हे एका लग्नात शिकलोय. ते जाऊ दे.)

शेजारचे काका हसले, "एवढ्या उन्हात फ्लॅश? बंद करायचा राहिला वाटतं!"

पहिल्या क्लिकला चेहरा पासपोर्ट फोटोसारखा सपाट. फ्लॅशचा जोर दीड स्टॉपने (म्हणजे साधारण एक तृतीयांशावर) उतरवला आणि जमलं. डोळ्यांत बारीकसा ठिपका लकाकला, इतका वेळ सावलीत बुडालेला नथीचा मोतीही दिसायला लागला.

आत्याला आवडला. फक्त विचारलंन, "सुरकुत्या जरा कमी होतील का रे?"