मठ, मेंढरं आणि उचल

धाकटा गेली सहा वर्षं लीड्सला आहे आणि दर फोनला एकच, दादा या की, आप्पांना घेऊन या की. शेवटी मागच्या जूनमध्ये गेलो एकदाचे. आप्पांचं वय त्र्याहत्तर, त्यातली पन्नास वर्षं मेंढरामागं, माणमधून निघायचं आणि घाट उतरून कोकणापर्यंत जाऊन परत यायचं असं. आता गुडघे गेलेत म्हणून आमच्याजवळ साताऱ्यात गोडोलीला असतात आणि बाल्कनीत बसून रस्त्यावरनं जाणाऱ्या प्रत्येक शेळीची किंमत करतात.

तर एका शनिवारी धाकटा म्हणाला जवळच एक जुना मठ आहे, बघून येऊ. फाउंटन्स ॲबी, रिपन गावाजवळ, लीड्सहून गाडीनं तासाभराच्या आत. त्यानं मठ हा शब्द वापरला आणि तिथंच घोळ झाला, कारण आप्पांच्या डोक्यात मठ म्हणजे सज्जनगड. सकाळी उठून आंघोळ करून, धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, कपाळाला भंडारा. तिकीट काढून आत शिरल्यावर पहिला प्रश्न, चपला कुठं काढायच्या? धाकटा म्हणाला आप्पा इथं कुणी काढत नाही, देव नाही आता इथं. त्यावर आप्पा काही बोलले नाहीत पण पुढं मुख्य चर्चच्या दारात आल्यावर काढल्याच त्यांनी, आणि बाहेर ओळीत ठेवून आत गेले. आत म्हणजे काय तर गवत. वर छप्पर नाही, खाली फरशी नाही, दोन्ही बाजूला हे एवढाले दगडी खांब नि कमानी आणि मधे कापलेलं हिरवंगार ओलं गवत, त्यावर आमचे आप्पा अनवाणी.

जागा मात्र जबरदस्त. खाली दरीत आहे, वरनं उतरत गेलं की आधी झाडीतनं फक्त मनोऱ्याचं टोक दिसतं आणि मग हळूहळू सगळं उघडतं. मनोरा जवळजवळ ५० मीटर उंच, ह्यूबी नावाच्या मठाधिपतीनं बांधलेला, मठ बुडायच्या जेमतेम दोन-चार दशकं आधी. त्याला काय माहीत म्हणा. सुरुवात झाली ११३२ ला. यॉर्कच्या एका श्रीमंत मठातले १३ साधू तिथल्या ऐषआरामाला वैतागून भांडून बाहेर पडले, आर्चबिशपनं त्यांना ही दरी दिली, तेव्हा इथं झाडी नि काटेकुटे सोडून काहीच नव्हतं. पुढं ते सिस्टर्शियन पंथात गेले. म्हणजे कडक नियम, बोलायचं कमी, खुणांनी काम चालवायचं, अंगावर न रंगवलेल्या लोकरीचा झगा. त्यावरनं त्यांना पांढरे साधूच म्हणायचे. हे मी आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "न रंगवलेली म्हंजी आपल्या घोंगड्यागत."

इथून पुढं ते खरे जागे झाले.

पश्चिमेच्या अंगाला एक लांबच लांब तळघरासारखं दालन आहे, सेलॅरियम म्हणतात, ९० मीटर लांब, मधोमध एकाच रांगेत खांब आणि त्यातनं ताडाच्या झावळ्यांसारख्या फुटत वर गेलेल्या कमानी. फोटो सगळे इथंच काढतात, आम्हीही काढले. त्याचं छत मात्र शाबूत आहे आणि आत शिरलं की एकदम गार वाटतं, वटवाघळं आहेत म्हणे. एका भागात कोठार, एका भागात जेवणघर आणि वरच्या मजल्यावर झोपायची सोय, पण साधूंची नाही, ले ब्रदर्सची. हे ले ब्रदर्स म्हणजे मठातलेच पण खालच्या पायरीचे. दाढी राखायचे, लिहावाचायला शिकायचं नाही, पूजाअर्चा थोडकी आणि काम जास्त. शेती त्यांनी बघायची, गवंडीकाम त्यांनी, मेंढरं त्यांनी.

"म्हंजी मेंढकं," आप्पा म्हणाले. आणि मग खांबावर हात ठेवून, "लोकर हितं ठेवत असणार. कोरडं हाय. वारं खेळतंय. पर धुवायचे कुठं?"

धाकट्यानं खिडकीतनं नदी दाखवली. स्केल नावाची छोटीशी नदी आहे, आपल्या माणगंगेला पाणी असताना दिसेल एवढी, ती या लोकांनी दगडी बोगद्यातनं इमारतींच्या खालनं नेलीये. म्हणजे संडास वर, खाली वाहतं पाणी. बाराव्या-तेराव्या शतकात. आमच्या सोसायटीत अजून दर पावसाळ्यात चेंबर तुंबतं, असो. पण आप्पांना ते पटलं नाही, संडासाच्या पाण्यात कोण लोकर धुवंल, वरल्या अंगाला धूत असतील, नाहीतर मेंढरं जिथं चरत्यात तिथंच कातरत असतील, एवढी जनावरं कोण हितवर आणंल. आणि खरंच तसंच होतं हो! धाकट्यानं मोबाईलवर काढून दाखवलं, यांची लांब डोंगराळ भागात मोठी मोठी कुरणं होती, माल्हमकडं, आणि कातरणीला कळप किल्न्सी नावाच्या ठिकाणी आणायचे. तिकडच्या एका डोंगराचं नावच फाउंटन्स फेल आहे, मठावरनं पडलेलं.

मग आम्ही बाकावर बसून डबा काढला, चपाती आणि शेंगदाण्याची चटणी. शेजारच्या म्हाताऱ्या बाई पटक्याकडं बघून हसल्या, आप्पांनी त्यांना चटणी देऊ केली, त्यांनी घेतली, पुढचं विचारू नका. जेवता जेवता धाकटा वाचत होता. चौदाव्या शतकात फ्लॉरेन्सच्या पेगोलोत्ती नावाच्या व्यापाऱ्यानं इंग्लंडातल्या कुठल्या मठाकडं किती लोकर मिळते याची यादी करून ठेवलीये, त्यात फाउंटन्सच्या नावावर वर्षाला ७६ पोती. पोतं म्हणजे ३६४ पौंड, धरा १६५ किलो. आप्पांनी चपातीचा घास तसाच धरला. एका मेंढराची किती निघते तिकडची? मग दोघांचं गणित चाललं, एका पोत्याला दोनशेच्या वर मेंढरं, म्हणजे ७६ पोत्यांना पंधरा हजारांच्या पुढं. "पंधरा हजार," आप्पा दोनदा म्हणाले. आमचा जास्तीत जास्त कळप साडेतीनशेचा.

आणि मग त्यानं ते वाचलं ज्यासाठी मी खरं हे सगळं लिहायला बसलोय. हे मठ आपली लोकर आगाऊ विकायचे. इटलीचे व्यापारी यायचे, पुढच्या काही वर्षांच्या लोकरीचे पैसे आज मोजायचे आणि करार करायचे की दरवर्षी इतकी पोती, धुतलेली, वाळवलेली, नीट निवडलेली. साधूंना बांधकामाला रोख पाहिजेच असायची. तेराव्या शतकात उत्तरार्धात इंग्लंडात मेंढरांना खरुजेची साथ आली, कळपच्या कळप गेले, लोकर निघेना, पण करार तर झालेला. फाउंटन्स इतकं कर्जात गेलं की राजाला कारभारावर स्वतःचा माणूस नेमावा लागला. आपल्याकडं बुडालेल्या पतसंस्थेवर प्रशासक येतो तसाच की.

"उचल घेतली व्हय रं," आप्पा म्हणाले.

उचल हा शब्द आमच्या घरात सहसा कोण काढत नाही. आपल्या साखरपट्ट्यात उचल म्हटलं की लोकांना ऊसतोड आठवते, पण मेंढपाळांनापण चुकलेली नाही ती. आम्ही शाळेत असताना आप्पांनी एका लोकरीच्या व्यापाऱ्याकडनं पुढच्या दोन कातरणीचे पैसे आधीच घेतले होते, माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाला. नाव नाही घेत, माणूस वाईट होता असंही नाही, हिशोबाला पक्का होता एवढंच. त्या साली कळपात देवी शिरली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मेंढराच्या तोंडावर, कासेवर, जिथं लोकर नाही तिथं फोड येतात, कोकरं तर उभ्या उभ्या पडतात. आई रोज सकाळी वाघुरातनं, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीतनं, मेलेली कोकरं बाहेर काढायची आणि आम्हाला तिकडं येऊ द्यायची नाही. लोकर कुठली, जी निघाली ती गुठळ्यांची. व्यापाऱ्यानं लोकर नाही तर जनावर घेतो म्हटलं आणि चाळीस माद्या निवडून नेल्या. निवडून, हे आप्पा आजपण सांगतात. पुढं २००३ चा दुष्काळ आला तेव्हा छावणीच्या दारात उभं राहायला आमच्याकडं उरलं होतं तेच किती.

त्या मठातल्या बाकावर आप्पा हे काही बोलले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "मग फेडलं का त्यांनी?"

फेडलं असावं, कारण मठ पुढं अडीचशे वर्षं चालला की. बुडवला तो आठव्या हेन्रीनं, १५३९ मध्ये, देशातले सगळेच मठ खालसा केले त्यात हाही गेला. शेवटच्या मठाधिपतीनं सही करून दिली आणि त्याला पेन्शन मिळाली. छपरावरचं शिसं उतरवून वितळवून नेलं, घंटा नेल्या, म्हणून तर आज वर आभाळ आहे. नंतर जागा लंडनच्या एका व्यापाऱ्याला विकली. (घंटांवरनं आठवलं, आपल्या मेणवलीच्या घाटावर नाना फडणवीसांच्या वाड्यामागं जी घंटा आहे ना, शाळेच्या ट्रीपला बघितली असेल, तीपण चर्चचीच, १७०७ सालची, मेरी आणि बाळ येशू आहे तिच्यावर, वसईच्या मोहिमेत आलेली. कृष्णाकाठी महादेवापुढं अजून टांगलेली आहे. कुणाच्या घंटेच्या नशिबात काय.)

दगडांचं काय झालं तर जवळच एक देखणी हवेली आहे, फाउंटन्स हॉल, १५९८ ते १६०४ मध्ये बांधलेली, ती मठाचेच दगड काढून. आप्पांना यात काही विशेष वाटलं नाही. आमच्या गावच्या गढीचे चिरे कुणाकुणाच्या जोत्याला, कुणाच्या गोठ्याला लागलेत हे ते घराच्या नावानिशी सांगतात. "घडीव दगड कोण वाया घालवतंय," एवढंच.

परतताना सरळ घरी यायचं तर आप्पा म्हणाले ते कातरणीचं ठिकाण बघू. म्हणजे अजून तासभर उलटं. धाकट्याची बायको गाडीत वैतागली होती, पोरगं रडत होतं, पण गेलो. किल्न्सीला एक मोठा चुनखडीचा कडा आहे, रस्त्यावर झुकलेला, आणि तिथून माल्हमच्या दिशेनं डोंगरावर एक वाट जाते, मास्टाइल्स लेन, दोन्ही बाजूला बिनचुन्याचे गडगे. मठाचे कळप याच वाटेनं जायचे. आता गुराख्यांपेक्षा ट्रेकिंगवाले जास्त. पण गडग्यापलीकडं मेंढरं होती, काळ्या तोंडाची, नाकाडाशी पांढरी, वळणदार शिंगं, लोकर खाली लोंबतेली. स्वेलडेल जात. आप्पा गडग्याला टेकून बघत राहिले बराच वेळ. एक लंगडत होती ती त्यांनी आमच्या आधी हेरली.

कुंपणाच्या तारेला लोकरीचा एक झुपका अडकला होता. त्यांनी तो काढला, बोटांनी उकलला, काडी-कचरा वेचला, वास घेतला, मग दगडावर बसून धोतर जरा वर केलं आणि उघड्या मांडीवर तळहातानं तो झुपका वळायला लागले. एक वीत सूत झालं असेल, दोन वीत. ओढून बघितलं. तुटलं नाही. "राठ हाय," म्हणाले, "आपल्यासारखीच. अंगाला टोचंल." धाकट्याला विचारलं याचं काय करतात, तो म्हणाला कार्पेटला वगैरे जाते पण आता भाव नाही, कातरायची मजुरीपण सुटत नाही म्हणतात शेतकरी. आप्पा एकदम खूश झाले. खूश हा शब्द बरोबर नाही खरं, पण इतके दिवस त्या देशातलं सगळंच गुळगुळीत बघून ते जरा गप्प गप्प होते ते त्या वाक्यानंतर मोकळे झाले. लीड्सला पोचेपर्यंत बोलत होते, घोंगडीला लावायची चिंचोक्याची खळ, घोंगडी विणणाऱ्या सणगरांची पोरं आता माग सोडून कुठं कुठं गेली, सगळं.

ते सूत त्यांनी बंडीच्या खिशात ठेवलं आणि विमानतळावर तपासणीत बाहेर काढायला लावलं तेव्हा त्या ऑफिसरला मराठीत समजावून सांगितलं.

परवा म्हसवडला सिद्धनाथाला गेलो होतो तर त्यांचे जुने सोबती पारावर भेटले. आप्पांनी सूत काढून हातोहात फिरवलं आणि मठाची गोष्ट सांगितली, त्यांच्या पद्धतीनं, म्हणजे चर्च, मनोरा सगळं दोन वाक्यात आणि उचल, खरूज, पंधरा हजार मेंढरं हे अर्धा तास. राजानं खालसा केला वगैरे सांगून झाल्यावर एकानं विचारलं, ते समदं ऱ्हाऊ द्या, आत्ता तिकडं एक मेंढरू कातरायचं किती घेत्यात?

आप्पांना माहीत नव्हतं. मला म्हणाले फोन लाव त्याला. मी म्हटलं आप्पा तिकडं पहाटेचे पाच वाजलेत. "मग काय झालं," म्हणाले, "मेंढक्याचं पोरगं हाय, उठंल की." लावला. उठला.