रिकाम्या जागेचं उत्तर तीन ओळी खाली होतं

आठवीला इंग्लिश शिकवते मी. परवा ग्रामरचा तास होता, सिम्पल पास्ट आणि पास्ट परफेक्ट. मुलांना यातला फॉर्म्युला तोंडपाठ असतो, बिफोरच्या आधी हॅड, आफ्टरच्या नंतर हॅड, आणि तेवढ्यावर मार्कही मिळून जातात. पण मी म्हटलं आज सुटी वाक्यं नकोत, सहा ओळींचा उताराच देऊ, फळ्यावर लिहिला आणि सहा जागा रिकाम्या सोडल्या. पहिली: व्हेन द पोस्टमन केम, शी ____ द लेटर. क्रियापद रीड.

दोन मिनिटांत तीन उत्तरं आली. रेड, हॅड रेड आणि वॉज रीडिंग. तिन्ही गटांना वाटतंय आपलंच बरोबर! मी म्हटलं मराठीत सांगा बघू. पोस्टमन आला तेव्हा तिने पत्र वाचलं, वाचलं होतं, वाचत होती. मग वर्ग जरा शांत झाला, कारण तिन्ही वाक्यं बरोबर आहेत पण तीन वेगळ्या गोष्टी सांगतात हे मराठीत लगेच कळलं.

मग ठरवायचं कसं? एक मुलगी आहे, ओळीखाली बोट ठेवून एकेक शब्द वाचते, त्यामुळे नेहमी सगळ्यात शेवटी संपवते, आणि खरं सांगते, मीही तिला बऱ्याचदा जरा लवकर आवर म्हटलेलं आहे. बाकीचे हात वर करून बसलेले तेव्हा ही अजून पाचव्या ओळीवर होती. तिथूनच म्हणाली, "मॅडम, इथे अनदर आहे."

ही गेव्ह हर अनदर लेटर. दुसरं पत्र दिलं म्हणजे पहिलं तिच्याकडे आधीच होतं, मग रेड कसं चालेल, पोस्टमनने आणलेलं पत्र ते नव्हेच! मी विचारलं, वॉज रीडिंग का नको, पहिलं पत्र ती तेव्हा वाचत असेल की. तिने बोट वर सरकवत दुसऱ्या ओळीवर नेलं. हर हँड्स वेअर इन हर पॉकेट्स. हात खिशात, मग पत्र धरलंय कुठे? हॅड रेड.

उतारा मी लिहिलेला, तो अनदर मुद्दाम घातला होता, पण खिशातले हात मी नुसते थंडी दाखवायला टाकले होते, ते उत्तराला लागू पडतील हे माझ्या डोक्यातही नव्हतं. मग काय, वर्ग सुसाट सुटलाच. एकाने विचारलं वर कुठेच पत्राचा उल्लेख नाही तरी अ लेटर न म्हणता द लेटर का, म्हणजे तिला माहीत असलेलं पत्र का? मराठीत आर्टिकल नाहीत म्हणून मुलं अ आणि द वर नजरही टाकत नाहीत, आणि त्या दिवशी अर्धा तास त्या एका द वर भांडत होती. उरलेल्या पाच रिकाम्या जागा तशाच राहिल्या, राहू दे.

घरी जाऊन मागच्या चाचणीचा गठ्ठा परत काढला. त्यात सुटं वाक्य होतं, व्हेन वी रीच्ड द हॉल, द प्रोग्रॅम ____, स्टार्ट. मी फक्त हॅड स्टार्टेड बरोबर धरलं होतं. पण स्टार्टेड लिहिलं तर आम्ही पोचल्यावर सुरू झाला असा अर्थ होतो, तेही बरोबरच, आजूबाजूला एक ओळही नाही तर मुलांनी ठरवायचं कशावरून? अकरा वह्यांत मार्क वाढवले. त्यातली एक तिची होती.