थांबलेल्या गाडीची काळजी

फॅलनहून निघालो तेव्हा आमच्या मनातली सगळी काळजी गाडी चालण्याविषयीची होती. १९६६ सालची मस्टँग, सहा सिलिंडरचे इंजिन, तीन गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि समोर नेव्हाडाच्या वाळवंटातून पूर्वेकडे जाणारा यू. एस. ५० हा महामार्ग. घाट चढताना इंजिन तापेल का, उतरताना ब्रेक धरतील का, आडरानात टायर फुटला तर काय करायचे, या प्रश्नांची उत्तरे शोधण्यात मी आणि दादाने उन्हाळ्याचे तीन महिने घालवले होते. गाडी थांबवल्यावर तिचे काय होते, याचा विचार मात्र दोघांपैकी एकानेही केला नव्हता, आणि त्या दिवशी जो काही मनस्ताप झाला तो थांबण्यापायीच झाला.

या रस्त्याला ‘अमेरिकेतला सर्वांत एकाकी रस्ता’ म्हणतात. १९८६ च्या जुलैमध्ये ‘लाइफ’ मासिकाने त्याला हे नाव दिले, आणि तग धरून राहण्याच्या आपल्या कौशल्यावर भरवसा नसेल तर इकडे फिरकू नका, असा एका मोटार संघटनेच्या प्रतिनिधीचा इशाराही सोबत छापला. नेव्हाडाच्या पर्यटन खात्याने ही निंदा पदरात पाडून तिचीच जाहिरात केली. वाटेवरच्या गावांत शिक्के मारून घेण्यासाठी त्यांनी एक पुस्तिका काढली, आणि ती भरली की प्रमाणपत्र मिळते. दादा आयुष्यभर इंजिनिअर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे भरायचा कागद समोर आला की तो पूर्ण भरल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. फॅलनचा शिक्का त्याने दोनदा मारून घेतला, कारण पहिला पुसट उमटला होता.

मला विचाराल तर एकाकीपणाची ही ख्याती जरा फुगवलेली आहे. दहा-पंधरा मिनिटांनी का होईना, समोरून एखादी गाडी येते आणि चालक स्टिअरिंगवरची दोन बोटे उचलून नमस्कार करतो. मला जाणवली ती पुनरावृत्ती. या भागात भूकवच पूर्व-पश्चिम ताणले जात आहे. त्या ताणाने जमिनीचे मोठमोठे ठोकळे तुटून कलंडले आणि उत्तर-दक्षिण पसरलेल्या डोंगररांगा एकीमागे एक उभ्या राहिल्या. रस्ता नेमका त्यांना आडवा जातो. त्यामुळे सपाट दरी, चढ, खिंड, उतार, पुन्हा सपाट दरी, असे दिवसभर चालते. दरीत उतरले की रस्ता सुतासारखा सरळ होतो आणि पुढची खिंड अर्धा तास आधीच दिसू लागते, पण काही केल्या जवळ येत नाही. इथल्या पाण्यालाही समुद्राची वाट सापडलेली नाही. ते दऱ्यांत उतरते आणि तिथेच आटते, मागे पांढरे क्षार राहतात.

फॅलनपासून सुमारे ४० किलोमीटरवर डाव्या हाताला सँड माउंटन दिसतो. सुमारे ६०० फूट उंचीची ही वाळूची टेकडी आहे, आणि कोरडी वाळू उतारावरून घसरू लागली की तिच्यातून घुमल्यासारखा खोल आवाज येतो, म्हणून ती प्रसिद्ध आहे. आम्ही गाडी वळवली आणि भर दुपारी, वाऱ्याकडे पाठ करून, बॉनेट बंद ठेवून उभी केली. दादा निम्म्या उतारापर्यंत चढला, बसून घसरला, पुन्हा चढला. आवाज काही आला नाही. बुटात मात्र मूठभर वाळू आली. या सगळ्यात चाळीस मिनिटे गेली.

परत आलो तर गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. महामार्गाला लागून तीनेक किलोमीटर गेलो असू, एवढ्यात तिने एक आचका दिला, मग दुसरा, आणि एखाद्याने गळा धरावा तशी घुसमटून ती बंद पडली.

“पेट्रोल आहे ना रे?” दादाने विचारले.

“दादा, पाऊण टाकी आहे. तूच भरताना लिहून घेतलंस.”

“मी भरलेलं लिहिलं. इंजिनापर्यंत पोचलेलं नाही लिहिलं.”

त्याचे म्हणणे शब्दशः खरे निघाले. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या कार्ब्युरेटरच्या अलीकडे मी एक काचेचा फिल्टर बसवला आहे. एरवी त्यात पेट्रोल स्वच्छ, किंचित पिवळसर दिसते. बॉनेट उघडून पाहिले तर काचेत तळाशी जेमतेम बोटभर द्रव होता आणि त्यातून भजी तळताना येतात तसे बारीक बुडबुडे वर येत होते. पेट्रोल उकळत होते. जुन्या गाड्यांचे लोक याला ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. मी याविषयी वाचले पुष्कळ होते, डोळ्यांनी मात्र प्रथमच पाहत होतो.

त्याचे कारण साधे आहे. आजच्या गाड्यांत पेट्रोलचा पंप टाकीतच बसवलेला असतो आणि तो पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो. आमच्या गाडीत तो इंजिनाला चिकटलेला असून टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव कमी तापमानाला उकळतो. गाडी धावत असते तोवर पंख्याचा वारा आणि नळीतून सतत वाहणारे गार पेट्रोल उष्णता वाहून नेतात. इंजिन बंद केले की पंखा थांबतो, पाण्याचे अभिसरण थांबते, आणि लोखंडाच्या त्या धुडात साठलेली उष्णता मिळेल त्या वाटेने पंपात, नळीत आणि कार्ब्युरेटरमध्ये झिरपते. इंजिन बंद केल्यावर पहिली वीस मिनिटे बॉनेटखालचे तापमान उतरण्याऐवजी चढत असते. मग कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी सुरू होते, थोडी धावते, आणि पंप नुसती वाफ दाबत बसल्यामुळे पुढचा घोट काही येत नाही.

आमच्या बाबतीत आणखी दोन गोष्टींची भर पडली होती. पहिली दादाने शोधली. अमेरिकेत उन्हाळी पेट्रोलवरची बाष्पशीलतेची मर्यादा पंपांवर १५ सप्टेंबरपर्यंत असते. त्यानंतर थंडीत गाडी लवकर सुरू व्हावी म्हणून सहज वाफ होणारे घटक जास्त असलेले हिवाळी पेट्रोल येऊ लागते. आम्ही निघालो ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि त्या दिवशी ऊन मात्र भर उन्हाळ्याचे पडले होते. दुसरी चूक सर्वस्वी माझी. दोन महिन्यांपूर्वी पेट्रोलची जुनी नळी बदलताना नवी नळी मी देखण्या वळणाने, एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून, म्हणजे इंजिनातला जळका धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळीपासून, जेमतेम दोन बोटांवरून नेली होती. ते वळण दाखवून मी चार लोकांकडून शाबासकीही मिळवली होती.

आम्ही पिण्याच्या पाण्यात टॉवेल भिजवून पंपावर ठेवला आणि वाट पाहत बसलो. टॉवेल पाच-सात मिनिटांत कडकडीत वाळत असे, मग पुन्हा भिजवायचा. तेवढ्यात एक पिकअप थांबली. या रस्त्यावर बॉनेट उघडे दिसले की येणारी गाडी थांबतेच, हे त्याच्या एकाकीपणाबद्दल लिहिणाऱ्यांनी नोंदवायला हवे. उतरलेले गृहस्थ सत्तरीपलीकडचे असावेत. त्यांनी फिल्टरकडे एकदा पाहिले, काही न बोलता गाडीतून कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यांची पिशवी आणली आणि पेट्रोलच्या नळीवर ओळीने बारा चिमटे लावून दिले. त्यांचे वडील असेच करत असत, असे सांगून ते निघून गेले. लाकडाचा उष्णतेशी काहीही संबंध पोचत नाही, असे दादाने मला सविस्तर समजावले; गाडी सुरू होते ती चिमटे लावण्यात वेळ जातो म्हणून, असा त्याचा निष्कर्ष होता. तरीही चिमटे काढून टाक, असे तो म्हणाला नाही.

सँड माउंटनच्या पायथ्याशी पोनी एक्स्प्रेसच्या एका ठाण्याच्या दगडी भिंती अजून उभ्या आहेत. घोड्यावरून टपाल नेणारी ही सेवा एप्रिल १८६० ते ऑक्टोबर १८६१ एवढीच चालली. तारायंत्राची तार देशभर पोचली आणि तिची गरज संपली. दर १०-१५ मैलांवर ठाणे असे आणि तिथे दमलेला घोडा सोडून ताज्या घोड्यावर स्वार व्हायचे. तापलेले जनावर निवण्याची वाट पाहत बसायचे नाही, ही त्यातली खरी युक्ती. आमच्याकडे दुसरा घोडा नव्हता.

तासाभराने गाडी सुरू झाली, आणि मग दादाने वहीत थांबण्याचे नियम लिहिले. थांबायचे तर तीन मिनिटांच्या आत निघायचे, नाहीतर तासभर हलायचे नाही. मधला सगळा वेळ धोक्याचा. थांबण्याआधी शेवटचा किलोमीटर सावकाश चालवायचा, गाडीचे तोंड वाऱ्याकडे करायचे आणि उतरताक्षणी बॉनेट उघडायचे. आमचा पुढचा सगळा प्रवास या नियमांनी आखला. वाटेवरच्या ऑस्टिन गावी तासभर थांबायचे ठरले, म्हणून गावाबाहेरचा १८९७ सालचा स्टोक्स कॅसल पाहता आला. ओसाड उतारावर एकटाच उभा असलेला हा ग्रॅनाइटचा तीन मजली बुरूज आहे. एका धनाढ्य कुटुंबाने उन्हाळ्यात राहायला बांधला आणि थोडाच काळ वापरून सोडून दिला. १८६२ मध्ये ऑस्टिनला चांदी सापडली आणि या वैराण डोंगरात गाव वसले. चांदी गेली तरी गाव टिकून आहे, पण उतारावरच्या मुख्य रस्त्यावरून चालताना आपल्याच बुटांचा आवाज ऐकू येतो. युरेकाला मात्र तासभर थांबण्याइतका दिवस उरला नव्हता. १८८० सालचे तिथले ऑपेरा हाउस मी चालू इंजिनाच्या गाडीत बसून काचेतूनच पाहिले, आणि तेवढ्यात दादा पुस्तिका उंच धरून शिक्क्यासाठी धावत गेला नि धावतच परत आला. दोन मिनिटे चाळीस सेकंद. तेही त्याने लिहून ठेवले आहे.

गंमत अशी की ज्या घाटांना आम्ही भीत होतो तिथे काहीच झाले नाही. ऑस्टिनच्या पुढची खिंड जवळजवळ ७,५०० फुटांवर आहे. दर हजार फुटांना इंजिनाची साधारण तीन टक्के ताकद कमी होते. हवा विरळ झाली तरी कार्ब्युरेटर पेट्रोल त्या प्रमाणात कमी करत नाही, त्यामुळे मिश्रण घट्ट होते आणि इंजिन जड आवाजात कुरकुरते. दुसऱ्या गिअरमध्ये, उजव्या कडेने, मागच्यांना वाट देत आम्ही चढलो. तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर गेला आणि तिथेच राहिला. उतरतानाही दुसराच गिअर ठेवला, कारण या गाडीच्या चारही ब्रेकना मिळून तेलाचा एकच मार्ग आहे. तो फुटला तर चारही जातात. दोन स्वतंत्र मार्ग पुढच्या वर्षीच्या, म्हणजे १९६७ च्या गाडीपासून आले. पण गाडी चालत होती, वारा लागत होता, आणि तिचे काही मागणे नव्हते.

ईलीला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. हे गाव साडेसहा हजार फुटांच्या आसपास आहे आणि सूर्य गेल्याबरोबर तिथली हवा बोचू लागते. हॉटेलच्या आवारात गाडी लावून आम्ही सवयीने बॉनेट उघडले आणि थंडीने कुडकुडत दोघेही इंजिनाकडे पाहत उभे राहिलो. हे आपण कशासाठी करत आहोत, हे लक्षात यायला बराच वेळ लागला.

सकाळी समोरच्या काचेवर बर्फाचा पातळ थर होता. चोक पूर्ण ओढूनही गाडी सुरू व्हायला तयार नव्हती. आता तिला ऊब हवी होती. मी सेल्फ मारत होतो आणि दादा वहीच्या पुठ्ठ्याने काच खरवडत होता. पंपावरचा ओला टॉवेल रात्रभर तिथेच राहून फळीसारखा ताठ झाला होता. दादाने तो सोडवला, नळीवरचे दोन चिमटे काढले आणि टॉवेल उघड्या बॉनेटच्या कडेला उन्हात वाळत घातला.