भीती लागते ती चुकीच्या आठवड्यात

सोमवार

हेअर ट्रान्सप्लांट केलेल्या माणसाचा घाबराघुबरा फोन बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो. ‘लावलेले केस गळतायत हो!’ ते गळणारच असतात. खरं तर फोन चौथ्या-पाचव्या दिवशी यायला हवा, ‘खपली उचकटलीय, काढू का?’ असं विचारायला. पण तेव्हा कुणी विचारत नाही, नखाने काढून मोकळे होतात. घाबरायचे दिवस निष्काळजीपणात जातात आणि निवांत राहायच्या दिवसांत झोप उडते.

याचं कारण ग्राफ्ट काय असतो हे नीट समजावून सांगितलेलं नसतं. ग्राफ्ट म्हणजे एक ते चार केसांचा, मुळासकट काढलेला जिवंत तुकडा. एफयूई पद्धतीत, म्हणजे एकेक ग्राफ्ट सुटा काढण्याच्या पद्धतीत, तो डोक्याच्या मागच्या भागातून, साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक पंचने (पोकळ, धारदार नळीने) काढतात आणि पुढे केलेल्या छिद्रात बसवतात. त्याला टाका नसतो, चिकटपट्टी नसते. सुरुवातीला त्याला धरून ठेवतं ते रक्त गोठताना तयार होणारं फायब्रिन, नंतर भोवतालची त्वचा त्याला आपलंसं करते. बर्नस्टीन आणि रासमन या अमेरिकी सर्जनांनी हे मुद्दाम ओढून तपासलं आणि 2006 मध्ये निष्कर्ष मांडले. नुसता केस ओढला तर पहिले दोन दिवस ग्राफ्ट निघून येण्याचा धोका सर्वांत जास्त, आणि सहाव्या दिवसापर्यंत तो संपतो. चिकटलेली खपली ओढली तर मात्र धोका त्यापुढेही टिकतो. नवव्या दिवशी ग्राफ्ट ओढून निघत नाही. म्हणजे जपायचे दिवस जेमतेम नऊ-दहा.

मंगळवार

पहिल्या रात्री पुढच्यापेक्षा मागचा, जिथून ग्राफ्ट काढले तो डोनरचा भाग जास्त ठणकतो. भूल उतरली की पॅरासिटामॉल बहुतेकांना पुरतं. अ‍ॅस्पिरिन किंवा घरात पडलेली दुसरी वेदनाशामक गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये, रक्तस्राव वाढू शकतो. उशीवर जुना धुतलेला टॉवेल अंथरावा, कारण मागून गुलाबीसर पाणी झिरपतं आणि सकाळी ते बघून घरचेच जास्त हादरतात.

झोपायचं पाठीवर, डोकं 30 ते 45 अंश वर ठेवून. नुसत्या डोक्याखाली तीन उशा रचल्या तर मान मोडते. उतार कमरेपासून हवा: पाठीखाली गादीची घडी, वर उशी, आणि मानेत प्रवासातली अर्धगोल नेक पिलो. तिने कूसही बदलत नाही आणि मागची जखमही घासत नाही. असं साधारण आठवडाभर.

सलाईनचा स्प्रे जागेपणी दर एक-दोन तासांनी, वीतभर अंतरावरून, पहिले तीनेक दिवस. ग्राफ्ट कोरडा पडू नये आणि खपली दगडासारखी होऊ नये, एवढाच हेतू. रात्री त्यासाठी गजर लावायची गरज नाही.

आणि सूज. भूल देताना टाळूत लिडोकेन, अ‍ॅड्रेनलिन आणि सलाईनचं मिश्रण भरलेलं असतं. ते खाली उतरतं: दुसऱ्या दिवशी कपाळ, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पापण्या. काहींचे डोळे जेमतेम किलकिले होतात. आरशात बघून वाटतं, काहीतरी भयंकर झालं. बहुधा काहीच झालेलं नसतं, पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत ओसरतं. कपाळावर थंड पट्टी चालते, ग्राफ्टच्या ओळीपासून दोन बोटं खाली. ग्राफ्टवर बर्फ कधीच नाही. टाळू बधिर असल्याने किती गार लागतंय हे कळत नाही आणि रक्तपुरवठा आखडतो. सुजेसाठी काही दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील तर मधुमेह्यांनी साखर रोज तपासावी. ही गोष्ट चिठ्ठीवर असते, लक्षात कुणाच्या नसते.

बुधवार

डोकं धुणं. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून सविस्तर.

पहिलं धुणं कधी, हे सर्जनप्रमाणे बदलतं. कुणी दुसऱ्या दिवशी सांगतात, कुणी तिसऱ्या. शक्यतो ते ट्रान्सप्लांट जिथे केलं तिथेच करून घ्यावं आणि घरच्या एकाने शेजारी उभं राहून बघावं. घरी करताना आधी भरपूर स्प्रे मारून खपल्या दहा मिनिटं भिजू द्याव्यात. अर्धा मग कोमट पाण्यात चमचाभर बेबी शाम्पू घालून हाताने फेस काढायचा. बोअरच्या जड पाण्याला फेस धरत नाही, तिथे फिल्टरचं पाणी घ्यावं. तळव्यावर फक्त फेस घेऊन तो ग्राफ्टवर टेकवायचा आणि तळवा सरळ वर उचलायचा. घासायचं नाही, बोटं फिरवायची नाहीत. पाच मिनिटांनी मगाने, अगदी जवळून, बारीक धारेने पाणी सोडायचं. शॉवरची धार थेट डोक्यावर नको. डोनरचा भाग मात्र बोटांनी हलक्या हाताने व्यवस्थित धुवावा. तिथे उपटून येण्यासारखं काही नसतं, तरी लोक तिथेच घाबरतात. पुसताना मागे टॉवेल टिपायचा, पुढचं वाऱ्यावर सुकू द्यायचं. ड्रायरची गरम हवा नको.

सहा-सात दिवस असं चालतं. मग भिजवलेल्या खपल्यांवर बोटांची टोकं, नखं नव्हेत, हळू गोल फिरवायची आणि दाब रोज किंचित वाढवायचा. दहाव्या ते चौदाव्या दिवसात डोकं स्वच्छ व्हायला हवं. घाई करणारे ग्राफ्ट घालवतात हे सगळ्यांना पटतं. न धुणारेही नुकसान करून घेतात, हे पटायला वेळ लागतो. पंधराव्या दिवशीही जाड कवच घेऊन येणारे असतात. त्याखाली घाण साचते, खाज सुटते, पू धरतो.

खपलीबरोबर बारीक केस निघतात, कधी टोकाला पांढरा ठिपकाही असतो. तो ग्राफ्ट नाही, केसाची काडी आहे, मूळ आत असतं. सुरुवातीच्या दिवसांत ग्राफ्ट खरोखर निघाला तर तिथून रक्त येतं. तसं झालं तर स्वच्छ गॉझ दहा मिनिटं स्थिर दाबून धरायचा, दर मिनिटाला उचलून बघायचं नाही.

गुरुवार

ग्राफ्ट बहुतेक वेळा झोपेत नाही, घाईत निघतात. गळ्यातून घालायचा टी-शर्ट, रिक्षाच्या छताचा दांडा, ओट्यावरच्या कपाटाचं उघडं दार, कडेवरचं पोर. दहा दिवस बटणांचा शर्टच घालावा. लोकलच्या गर्दीत आठवडाभर जाऊ नये, सुट्टी तेवढ्यासाठी घ्यायची असते. हेल्मेटला निदान दोन-तीन आठवडे थांबावं, आणि म्हणूनच तोवर दुचाकीच चालवू नये. ‘हेल्मेट नको म्हणालेत’ म्हणून उघड्या डोक्याने गाडीवर बसणं हा त्यातून काढलेला भलताच अर्थ. सैल टोपी कधी घालायची ते आपल्या सर्जनला विचारावं. व्यायामशाळा तीनेक आठवडे, पोहणं महिनाभर बंद.

शुक्रवार

घरातल्या वडीलधाऱ्यांचा दिवस म्हणायला हवा हा. ‘हळद लाव, जखम भरते.’ ‘जरा खोबरेल चोळू दे.’ प्रेम खरं असतं, पण उघड्या छिद्रांवर हळद, कोरफड, कांद्याचा रस यातलं काही नको. खपल्या मऊ करायला आठव्या-नवव्या दिवशी तेलाचा हात लावायला काही सर्जन सांगतात, काही साफ नको म्हणतात. ज्यांनी ट्रान्सप्लांट केलं त्यांचंच ऐकावं. दोघांचे सल्ले मिसळू नयेत. रगडून चंपी दीड महिना तरी नाही.

सिगारेट बंद केली म्हणून अभिमानाने सांगणारे तंबाखू मळताना दिसतात. मिश्री, गुटखा, तंबाखू, सगळ्यात निकोटिनच. ते रक्तवाहिन्या आकसवतं, आणि नवा ग्राफ्ट पहिले काही दिवस फक्त भोवतालच्या रक्तावर जगत असतो.

लग्न ठरलेल्यांसाठी एक हिशेब: तारीख वर्षभर पुढची हवी. तीन आठवड्यांवर लग्न असताना ट्रान्सप्लांट करून घेतलं तर लाल टाळूवर मुंडावळ्या, वर घट्ट बांधलेला फेटा आणि गळायला लागलेले केस, असं सगळं एका फोटोत येतं.

शनिवार

आता तो तिसरा आठवडा. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात लावलेल्या केसांपैकी बहुतेक काड्या गळतात. मूळ जागा बदलण्याच्या धक्क्याने विश्रांतीत जातं आणि काडी सोडून देतं. भाताची रोपं लावणीनंतर काही दिवस पिवळी पडतात, मग उभी राहतात, तसंच. भोवतालचे मूळचे केसही कधी विरळ होतात, त्याला शॉक लॉस म्हणतात. मागे डोनरमध्येही ठिगळासारखं दिसू शकतं. यातलं बरंचसं काही महिन्यांत परत येतं. मूळचे जे केस आधीच बारीक, मरगळलेले होते त्यांची मात्र खात्री नसते, आणि हे आधी सांगायला हवं.

यानंतरचा काळ कंटाळवाणा. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात माणूस ऑपरेशनच्या आधीपेक्षाही टकला दिसतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, कधी कुरळे केस डोकावतात. त्याच सुमारास पुळ्या येतात, नवा केस त्वचेतून बाहेर येताना अडतो म्हणून. गरम पाण्याच्या कापडाने शेकावं, फोडू नये. खूप आल्या तर दाखवाव्यात. टाळूचा बधिरपणा आठवडे, कधी महिनेही राहतो. सहाव्या महिन्यात फरक दिसतो, अंतिम रूप बाराव्या ते अठराव्या महिन्यात. केस महिन्याला सुमारे सेंटीमीटरभरच वाढतो, ग्राफ्टचा आकडा कितीही मोठा असला तरी.

मिनॉक्सिडिल, म्हणजे केसांसाठी टाळूवर लावायचं औषध, पुन्हा कधी सुरू करायचं ते विचारून. त्यातलं अल्कोहोल ओल्या जखमेवर झोंबतं. फिनास्टेराइड ही केसगळतीवरची गोळी चालू असेल तर ते सहसा तसंच चालू ठेवतात. ट्रान्सप्लांटने टक्कल पडण्याची प्रक्रिया थांबत नाही, फक्त मागचे केस पुढे येतात.

रविवार

दवाखाने बंद असतात म्हणून लोक सोमवारपर्यंत थांबतात. थांबू नये अशा गोष्टी: ताप, तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर कमी होण्याऐवजी वाढत जाणारं दुखणं, एकाच बाजूला गरम, लाल, ताणलेली सूज, पू, दाबूनही न थांबणारं रक्त, अंगावर पित्त उठणं किंवा श्वास लागणं. यातल्या शेवटच्यासाठी फोन करत न बसता थेट मोठं रुग्णालय गाठावं. आणि ग्राफ्टच्या मधोमध राखाडी किंवा काळपट पडत जाणारा डाग, जो धुऊन जात नाही. तिथला रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो, त्याला खपली समजून तेल लावत बसू नये.

अशा वेळी फोन कोण उचलणार, हे ऑपरेशनच्या आधी विचारून ठेवावं. सर्जनचा नंबर हवा, पॅकेज विकणाऱ्याचा नव्हे.