नव्या गेमिंग पीसीची नोंद: एसएमपीएस आधी, प्रोसेसर नंतर

या पीसीचे सुटे भाग निवडताना मी नेहमीचा क्रम बदलला आहे. सहसा आधी प्रोसेसर ठरतो, त्याला साजेसा मदरबोर्ड येतो, मग ग्राफिक्स कार्ड, आणि उरलेल्या पैशांत एसएमपीएस (पीसीच्या भागांना वीज पुरवणारा डबा) व कॅबिनेट बसवले जाते. नाशिकमध्ये, तेही गच्चीखालच्या खोलीत चालणाऱ्या महागड्या पीसीसाठी हा क्रम जवळजवळ उलटा घ्यावा, असे माझे मत झाले आहे: आधी मॉनिटर, मग कार्ड, त्यापाठोपाठ वीज, मग हवा, आणि प्रोसेसर, मदरबोर्ड व रॅम सर्वांत शेवटी. आतापर्यंत काय नक्की झाले आणि कोणत्या कारणाने, ते येथे नोंदवतो.

मॉनिटर २७ इंची, ४के, २४० हर्ट्झचा (सेकंदाला २४० वेळा चित्र बदलू शकणारा) ओएलईडी घ्यायचा, हे सुरुवातीलाच ठरले होते. त्याहून एक पायरी खालच्या १४४०पी पडद्यावर सुमारे ३७ लाख पिक्सेल असतात, तर ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख. म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी कार्डावर सव्वादोन पट पिक्सेल रंगवण्याचे काम येऊन पडते, प्रोसेसरचे काम मात्र जवळपास तेवढेच राहते. त्यामुळे ४के निवडले की पैशांचा मोठा वाटा कार्डाकडे जाणार, हे ओघानेच आले.

कार्डासाठी एनव्हिडियाची आरटीएक्स ५०९० आणि ५०८० ही दोन नावे समोर होती. दोन्ही जानेवारी २०२५ अखेरीस बाजारात आली. ५०९० मध्ये ३२ जीबी जीडीडीआर७ मेमरी आणि ५१२ बिटची बस (मेमरीकडे जाणारी डेटाची वाट) आहे; ५०८० मध्ये दोन्ही बरोबर निम्मी, १६ जीबी आणि २५६ बिट. वेगाच्या बाबतीत ५०९० पुढे आहे, यात वादच नाही. परंतु तिची वीज ५७५ वॅट आहे, ५०८० ची ३६०. एनव्हिडियाने भारतासाठी जाहीर केलेली सुरुवातीची किंमतही ५०८० साठी १,०७,००० आणि ५०९० साठी त्याच्या दुप्पट होती, आणि प्रत्यक्ष दुकानात ५०९० त्याहून बरीच वर विकली जाते. मी ५०८० निवडली. तिची १६ जीबी मेमरी ही खरी मर्यादा आहे. ४के, रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र काढणे) आणि फ्रेम जनरेशन (कार्डाने मधल्या फ्रेम स्वतः तयार करणे) एकत्र चालू केल्यास काही नव्या गेममध्ये ती काठोकाठ भरते, आणि तेथे टेक्स्चरची (वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या तपशिलाची) पातळी एक पायरी खाली आणावी लागेल. ही तडजोड मी स्वीकारली आहे, कारण पुढची सगळी साखळी, म्हणजे एसएमपीएस, यूपीएस, कॅबिनेट आणि खोलीचे तापमान, त्यामुळे आवाक्यात येते. ज्यांना बजेट थोडे आवरायचे आहे त्यांनी ५०७० टीआय अवश्य पाहावे. तिथेही १६ जीबी आणि २५६ बिटच आहे, वीज ३०० वॅट.

आता विजेकडे येतो, कारण माझा सर्वाधिक वेळ तेथेच गेला. कार्डाचे ३६० वॅट, प्रोसेसरला कमाल मिळू शकणारे १६२ वॅट आणि मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून साधारण ७० वॅट धरले, तर एकूण ५९० वॅटच्या आसपास आकडा येतो. एसएमपीएसची कार्यक्षमता नव्वद टक्के धरली, तर भिंतीतल्या सॉकेटमधून सुमारे ६५० वॅट ओढले जातील. ५०८० साठी ८५० वॅटचा एसएमपीएस सुचवला जातो आणि तो पुरतोही. तरीही मी १००० वॅटचा घेतला, आणि त्यामागचे कारण आपल्याकडच्या विजेचे आहे.

लाईट गेल्यानंतर यूपीएस बॅटरीवर येईपर्यंत काही मिलिसेकंद जातात. लाइन-इंटरॅक्टिव्ह (घरगुती वापरातल्या नेहमीच्या प्रकारच्या) यूपीएसला साधारणपणे चार ते दहा मिलिसेकंद लागतात. घरातला इन्व्हर्टर यूपीएस मोडवर असला तरी त्याला कधी कधी यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि साध्या मोडवर तर त्याच्या भरवशावर पीसी चालवूच नये. एवढा वेळ पीसीला तगवून धरतो तो एसएमपीएसमधला मोठा कपॅसिटर. एसएमपीएससाठीच्या एटीएक्स ३.१ मानकानुसार हा तग ८० टक्के भाराला १७ मिलिसेकंद असावा, पूर्ण भाराला मात्र १२ चालतात. कपॅसिटरमध्ये साठलेली ऊर्जा तेवढीच राहते आणि भार कमी झाला की ती जास्त वेळ पुरते. म्हणून ५९० वॅटचा भार ८५० च्या एसएमपीएसवर टाकण्यापेक्षा १००० च्या एसएमपीएसवर टाकला, तर तो साठ टक्क्यांच्या आतच राहतो आणि त्या काही मिलिसेकंदांत हाताशी थोडी जास्त जागा उरते. शिवाय एटीएक्स ३.० पासून एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरती आपल्या क्षमतेच्या दुप्पट उसळीही सोसली पाहिजे, अशी अट आहे, आणि हल्लीची कार्डे अशा क्षणिक उसळ्या घेतातच.

यूपीएस प्युअर साइन वेव्हचा (भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा), १५०० व्हीए (व्होल्ट-अँपियर) आणि ९०० वॅटचा ठरवला आहे. खोक्यावरचा व्हीएचा ठळक आकडा पाहून निर्णय घेऊ नये, खाली बारीक अक्षरात लिहिलेले वॅट वाचावेत. १००० व्हीएचे कित्येक यूपीएस ६०० वॅटचेच असतात आणि आपल्या ६५० वॅटवरच ते अडकतील, मॉनिटर तर वेगळाच. चांगल्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारी यंत्रणा) असते, आणि पायऱ्यांसारखी लहर देणाऱ्या स्वस्त यूपीएसशी तिचे नेहमी पटत नाही. बॅटरीवर जाताच यूपीएस ओव्हरलोड दाखवून बंद पडण्याचा धोका असतो. ५०९० घेतली असती, तर हाच हिशेब सॉकेटपाशी ९०० वॅटच्या जवळ गेला असता आणि मॉनिटर धरून २ केव्हीएचा यूपीएस लागला असता.

खरेदीपूर्वी वायरमनला बोलावून खोलीतले अर्थिंग तपासून घेतले. त्याने मल्टिमीटरच्या दोन सुया आधी फेज आणि न्यूट्रलमध्ये, मग फेज आणि अर्थमध्ये, आणि शेवटी न्यूट्रल आणि अर्थमध्ये घातल्या. पहिली दोन रीडिंग जवळजवळ सारखी आली आणि तिसरे दोन व्होल्टच्या आत राहिले. “दादा, तिसरा आकडा वाढलेला दिसला तर आधी मला फोन करा, मशीन नंतर लावा,” असे तो म्हणाला, आणि हे वाक्य मी येथे मुद्दाम उतरवत आहे. सुमारे दोन-तीन लाखांचा पीसी मांडण्यापूर्वी ही तपासणी प्रत्येकाने करून घ्यावी, विशेषतः पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशकातल्या घरांत, जिथे वायरिंग अनेक वर्षांत बदललेले नसते.

कार्डाला वीज देणाऱ्या १२व्ही-२×६ जोडणीबद्दलही थोडे लिहायला हवे. एका प्लगमधून ६०० वॅटपर्यंत वीज, म्हणजे १२ व्होल्टला ५० अँपियर, सहा पिनांतून जाते. ३६० वॅटला ३० अँपियर, म्हणजे सारखी वाटणी झाली तर पिनेमागे ५. ५७५ वॅटला हाच आकडा ८ होतो, आणि पिनेची मर्यादा नऊ-साडेनऊच्या आसपास असल्याने वाटणी थोडी बिघडली तरी हाती फारसे काही उरत नाही. जुन्या १२व्हीएचपीडब्ल्यूआर सॉकेटच्या तुलनेत नव्या सॉकेटमधल्या चार बारीक संकेत-पिना १.५ मिलिमीटरने आखूड आणि जाड पिना पाव मिलिमीटरने लांब केल्या आहेत, जेणेकरून प्लग अर्धवट बसला असेल तर कार्डाला पूर्ण वीज घेण्याची परवानगीच मिळू नये. एसएमपीएसबरोबर आलेली केबल हातात घेऊन पाहिली, तर संकेताच्या त्या चार तारा मुख्य ठोकळ्याच्या कडेला वेगळ्या रांगेत बसवलेल्या दिसतात. प्लगपासून ३५ मिलिमीटरपर्यंत केबल वाकवू नये, असे सांगितले जाते.

या ३५ मिलिमीटरनेच कॅबिनेट ठरवले. एम. जी. रोडवरच्या दुकानदाराने नमुन्याचे कॅबिनेट उघडून दिले आणि मी मदरबोर्डच्या पृष्ठभागापासून काचेपर्यंतचे अंतर टेपने मोजले. कार्डाची उंची १४५ आणि केबलचे ३५ धरले, तर १८० मिलिमीटर मोकळे हवेत. मोठ्या एअर कूलरची उंची १६५ ते १६८ मिलिमीटर असते, तीही त्यात बसते. दिसायला देखणी असलेली दोन कॅबिनेट या एका मापावर बाद झाली.

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि गच्चीखालची खोली रात्री उशिरापर्यंत तापलेली असते. कूलर कोणताही असो, तो खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली २५ वरून ३५ अंशांवर गेली की आतला प्रत्येक भाग साधारण दहा अंशांनी वर सरकतो. त्यातच हा पीसी खेळताना ओढलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता म्हणून खोलीतच सोडतो. एक टनाच्या एसीची क्षमता सुमारे ३.५ किलोवॅट असते. ६५० वॅट म्हणजे तिचा जवळपास पाचवा हिस्सा एकट्या पीसीने खाल्ला. म्हणून समोर काच असलेले कॅबिनेट मी विचारातच घेतले नाही. पुढे जाळी, तिच्या आत काढून धुता येणारा फिल्टर, आणि हवा आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त, म्हणजे फटींमधून धूळ आत खेचली जाणार नाही.

प्रोसेसर रायझन ७ ९८००एक्स३डी. आठ कोर, ९६ एमबी एल३ कॅश (चिपमधलीच वेगवान मेमरी), १२० वॅट टीडीपी (उष्णतेचा ठरवलेला आकडा). नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या या चिपमध्ये ६४ एमबीची जादा कॅश कोरच्या वरून काढून खाली बसवली आहे, त्यामुळे कोर थेट झाकणाजवळ आले आणि उष्णता बाहेर पडणे सोपे झाले. आधीच्या ७८००एक्स३डीची तापमान-मर्यादा ८९ अंश होती, हिची ९५ आहे. आपल्या उन्हाळ्यासाठी मला हा फरक मोलाचा वाटतो. खेळाशिवाय व्हिडिओ संपादनही करणाऱ्यांनी सोळा कोरची ९९५०एक्स३डी घ्यावी. मला तिची गरज नाही.

मदरबोर्ड बी८५० चिपसेटचा. त्याहून वरच्या एक्स८७० वर यूएसबी४ सक्तीचे असते आणि ते प्रोसेसरच्या चार लेन (डेटाच्या वाटा) घेते, ज्यांचा मला उपयोग नाही. कोणताही बोर्ड घेताना दुसऱ्या एम.२ (एसएसडीच्या) खाचेत एसएसडी बसवल्यावर कार्डाच्या १६ लेनच्या ८ होतात का, एवढे माहितीपुस्तिकेत नक्की वाचावे. एसएसडी २ टीबीची जेन४ (पीसीआयई जोडणीच्या चौथ्या पिढीची) पुरे आहे. जेन५ चा दुप्पट वेग गेम उघडताना क्वचितच जाणवतो.

रॅमच्या बाबतीत बेत बदलावा लागला. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे डीडीआर५ चे भाव झपाट्याने वाढले, आणि डिसेंबरमध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने आपल्या क्रूशल ब्रँडचा ग्राहक-व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. त्यामुळे ६४ जीबीऐवजी ३२ जीबी घेतली, पण वेग सोडला नाही: ६००० एमटी (सेकंदाला इतके दशलक्ष व्यवहार), सीएल३० (उत्तर यायला लागणाऱ्या सायकल), म्हणजे ३००० मेगाहर्ट्झला ३० सायकल, बरोबर १० नॅनोसेकंद. १६ जीबीच्या दोनच कांड्या घेतल्या. पुढे आणखी दोन टाकू, असे म्हणून आज कमी घेऊ नये. चार कांड्या लावल्या की या प्रोसेसरचा अधिकृत वेग डीडीआर५-३६०० वर उतरतो.

एसएमपीएस, कॅबिनेट, प्रोसेसर आणि रॅम घरी आले आहेत, मदरबोर्ड व एसएसडी ठरले आहेत, यूपीएसचे पैसे भरले आहेत. कार्ड घेताना तीन पंख्यांच्या मॉडेलमध्ये प्लग नेमका किती उंचीवर येतो, ते दुकानातच मोजणार आहे, आणि मॉनिटर त्यानंतर.